बाब्या आणि कार्टें

माझ्या सेवानिवृत्तीच्या दिवशीं, म्हणजे २००९ सालच्या मे महिन्याच्या अखेरीस, शाळेंत जो छोटासा समारंभ झाला, त्यांत बोलणाऱ्या प्रत्येकानें एक वाक्य न चुकतां उच्चारलें : "बाईंनीं मुलांमुलांत कधीं भेदभाव केला नाहीं." शाल, श्रीफळ आणि हें वाक्य घेऊन मी घरीं आलें. शाल कपाटांत गेली, नारळ आमटींत गेला. वाक्य मात्र मीं मनाच्या देव्हाऱ्यांत ठेवलें आणि पुढें दहा वर्षें त्याला रोज फूल वाहिलें. एकतीस वर्षें मराठी शिकविलें, कोणावर छडी उगारली नाहीं, कोणाला त्याच्या जातीवरून किंवा बापाच्या धंद्यावरून बोललें नाहीं. तेव्हां हें प्रशस्तिपत्र माझ्या हक्काचेंच आहे, असें मला वाटे. त्या वाक्याची खरी किंमत ऑगस्ट २०१९ मध्यें पुराच्या पाण्यानें आम्हांला घराबाहेर काढलें तेव्हां कळली. तीच हकीगत आज सांगावयाची आहे.

आमचें कुरुंदवाड पंचगंगेच्या कांठीं वसलेलें. नदीपलीकडे नरसोबाची वाडी, आणि तेथेंच कृष्णा-पंचगंगेचा संगम. पटवर्धनांच्या संस्थानाचें हें राजधानीचें गांव. संस्थान १९४८ सालीं विलीन झालें, तरी "आम्ही राजधानीचे" हा ताठा आमच्या गल्लींतून अजून पुरता गेलेला नाहीं. गांवांत मराठे, जैन, लिंगायत, मुसलमान, दलित, ब्राह्मण अशी सर्व प्रकारची वस्ती. जवळच इचलकरंजीचे माग, आणि थोडें पुढें गेलें कीं कानडी मुलूख. अशा ठिकाणची मराठी पुण्याला छापलेल्या पुस्तकांतल्यासारखी कशी असेल? आमच्याकडील मुली "मी आलें" म्हणत नाहींत, "मी आलो" म्हणतात, वडीलधाऱ्यांना "कवा आलासा?" असें विचारतात, आणि 'लिहिणें' हें त्यांच्या तोंडीं 'लिवणें' होतें. आमच्या घरीं जी भाषा बोलत, जवळजवळ तीच पाठ्यपुस्तकांत छापलेली असे. त्यामुळें पुस्तक उघडण्यापूर्वींच माझा निम्मा अभ्यास झालेला होता. हा निव्वळ जन्माचा योगायोग. मी मात्र त्याला बुद्धि समजत आलें, आणि शिक्षिका झाल्यावर मुलांची बुद्धिहि त्याच मापानें मोजूं लागलें.

आतां मूळ गोष्टीकडे वळतें. १९८८ सालचा पावसाळा होता. सातवीच्या वर्गाला मीं "पावसाळ्यांतील एक दिवस" हा निबंध घरून लिहून आणावयास सांगितला होता. वर्गांत मागच्या बाजूला, खिडकीशीं, एक मुलगी बसत असे. तिचें नांव येथें देत नाहीं. बाप इचलकरंजीला मागावर कामाला, आई लोकांच्या शेतांत भांगलणीला जाणारी. मुलगी अबोल, बोललीच तर "बाई, मी अभ्यास करतो" असें म्हणे, आणि मी तत्काळ "करतें म्हण, करतें" अशी दुरुस्ती करीं. वर्ग हंसे. त्या हंसण्यांत मला तेव्हां कांहीं वावगें दिसत नसे. पुढें पुढें ती बोलेनाशी झाली, तेव्हां तिला कांहीं येत नाहीं असा निष्कर्ष काढून मी मोकळी झालें.

तिचा निबंध तपासतांना मी एकदम थबकलें. तिनें लिहिलें होतें कीं, पाणी आमच्या उंबऱ्याशीं आलें आणि नवख्या पाहुण्यासारखें थोडा वेळ अवघडून उभें राहिलें. पुढें एके ठिकाणीं "सारें शिवार जलमय झालें" असें वाक्य होतें. 'जलमय' हा शब्द खिडकीजवळच्या बांकावर कोठून आला? दुसऱ्या दिवशीं मीं तिला भर वर्गांत उभें केलें आणि विचारलें, "हा निबंध कोणाकडून लिहून घेतलास?" ती पायांच्या अंगठ्याकडे पाहत उभी राहिली. मीं पुन्हां विचारलें. ती तशीच. तिचें मौन हाच कबुलीजबाब समजून मीं निबंधावर तांबडी रेघ मारली आणि दहांपैकीं तीन गुण दिले. त्या वेळीं सत्याची बाजू घेतल्याचें समाधान मला वाटलें होतें, हें येथें नमूद केलें पाहिजे.

त्याच गठ्ठ्यांत आमच्या गल्लींतील एका वकिलांच्या चिरंजीवांचाहि निबंध होता. भाषा प्रौढ, मधूनमधून संस्कृत शब्दांची पेरणी, शेवटीं निसर्ग व मानव यांच्या नात्याविषयीं चार गंभीर वाक्यें. तो मीं वर्गांत वाचून दाखविला आणि नऊ गुण दिले. पुढें कांहीं वर्षांनीं एका मुंजीच्या पंगतींत वकीलसाहेब हंसत हंसत मला म्हणाले, "बाई, ते नऊ गुण माझे होते बरं का! रात्रीं अकरापर्यंत बसून मींच सांगितला होता तो निबंध." मीहि मनमोकळी हंसलें. बारा वर्षांचा मुलगा निसर्ग आणि मानव यांविषयीं असें लिहूं शकेल कीं नाहीं, ही शंका मला निबंध तपासतांना आली नव्हती. आणि पंगतींत उलगडा झाल्यावरहि खिडकीजवळची ती मुलगी मला आठवली नव्हती. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचें तें कार्टें, ही म्हण मीं वर्गांत अर्थासह कितीदां शिकविली असेल! परंतु ती स्वतःच्या गुणपत्रकाला लावून पाहण्याची बुद्धि मला झाली नाहीं.

२०१९ च्या ऑगस्टांत कृष्णा-पंचगंगेनें जो हाहाकार उडविला, तो आमच्या भागांतील कोणी विसरणार नाहीं. आमच्या सोप्यांतहि पाणी आलें आणि आम्हीं चौघांनीं पुरापासून दूर असलेल्या एका गांवच्या शाळेंत आश्रय घेतला. वर्गावर्गांतून सतरंज्या अंथरलेल्या, जातगोत कोणी विचारीत नव्हतें, चहा एकाच पिंपांतून वाटला जात होता. दुसऱ्या दिवशीं सकाळीं चाळिशी ओलांडलेली एक बाई दोन पेले चहा घेऊन माझ्यासमोर बसली आणि म्हणाली, "बाई, वळखलासा काय मला?"

मीं ओळखलें नव्हतें. तिनें नांव सांगितलें; चेहरा अंधुक आठवला. शेजारीं तिची दहावींतली मुलगी वहींत कांहीं लिहीत होती. पुराचें वर्णन लिहीत आहे, असें तिनें सांगितलें. त्यावर आई चटकन् हंसून तिला म्हणाली, "लई चांगलं लिवू नगंस गं! बाई इचारतील, कुणाकडनं लिवून घेतलास म्हणून."

माझ्या हातांतला पेला हिंदकळला. एकतीस वर्षांपूर्वींचा तो वर्ग, ती खिडकी, ती तांबडी रेघ, सगळें एका क्षणांत डोळ्यांपुढें उभें राहिलें. मीं विचारलें, "तो निबंध तूंच लिहिला होतास?" ती म्हणाली, "व्हय की." 'जलमय' हा शब्द तिनें सांगली आकाशवाणीच्या बातम्यांत ऐकला होता, पाहुण्याची उपमा तिच्या आजीच्या बोलण्यांतली होती. मग त्या वेळीं बोलली कां नाहींस, असें मीं विचारलें. ती म्हणाली, "काय बोलायचं? बोललं की समदी हसायची." माझा चेहरा पाहून तीच मला समजावूं लागली, "राग न्हाई बाई. ल्हान होतो, इसरून गेलो. पर त्येच्यानंतर निबंदात एखादं बरं वाक्य आलं की मीच खोडून टाकायचो. उगं चोरीचा आळ नको."

'खोडायचो' या तिच्या शब्दावर माझी जीभ सवयीनें दुरुस्तीसाठीं उचलली गेली नाहीं, असें प्रथमच घडलें. मीं तिची क्षमा मागितली. ती ओशाळली, "आवं बाई, कशाला?" म्हणून पेले घेऊन उठून गेली. तिचें कांहीं फार मोठें नुकसान झालें असें तिच्या बोलण्यांत कोठेंहि नव्हतें, आणि तेंच मला अधिक लागलें. एका मुलीनें कित्येक वर्षें स्वतःचीं चांगलीं वाक्यें स्वतःच्या हातानें खोडलीं. त्याचा हिशेब कोणत्या गुणपत्रकांत लिहावयाचा?

पाणी ओसरल्यावर घरीं आलों. भिंतींवरील चिखलाच्या रेघा धुतां धुतां मीं सूनबाईला ही गोष्ट सांगितली. तीहि शिक्षिका आहे. ती म्हणाली, "आई, तुम्हीं जाणूनबुजून केलं असतंत, तर एव्हांना ध्यानांत आलं असतं. ध्यानांत येत नाहीं म्हणूनच तें राहतं." मग तिनें मला या विषयावरील बरेंच वाचावयास दिलें, आणि माझ्यासारखी मी एकटी नाहीं असें कळून थोडा धीर आला व बरीचशी भीतीहि वाटली.

अमेरिकेंत रोझेन्थाल व जेकबसन या दोघांनीं एका प्राथमिक शाळेंतील शिक्षकांना सांगितलें कीं, अमुक मुलें यंदां विशेष प्रगति करतील. वास्तविक तीं नांवें केवळ चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणें काढलेलीं होतीं. वर्षाअखेर खालच्या इयत्तांतील त्या मुलांनीं बुद्धिमापनांत खरोखरच अधिक मजल मारलेली दिसली. १९६८ सालीं हा प्रयोग पुस्तकरूपानें प्रसिद्ध झाला. त्यांतील आंकड्यांविषयीं पंडितांत पुढें पुष्कळ वाद झाला, परंतु शिक्षकाची अपेक्षा त्याच्या वागणुकींतून मुलापर्यंत पोंचते, हें पुढील निरीक्षणांतूनहि दिसून आलें. ती पोंचते कशी? मेरी बड रो या विदुषीनें वर्गांतील संभाषणें ध्वनिमुद्रित करून घड्याळानें मोजलीं. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एक सेकंद थांबतो. त्यांतहि ज्यांना तो हुशार समजतो त्यांच्यासाठीं सुमारें दोन सेकंद, आणि ज्यांना मंद समजतो त्यांच्यासाठीं एका सेकंदाहूनहि कमी! ज्याला विचार करावयास अधिक अवधि हवा, त्यालाच आपण कमी देतों. हेंच थांबणें तीन सेकंदांवर नेलें, तेव्हां मंद समजलेलीं मुलेंहि अधिक बोलूं लागलीं.

आपल्या देशांतील दोन प्रयोगांनीं तर माझी झोंप उडविली. उत्तर प्रदेशांतील खेड्यांत कार्ला हॉफ व प्रियंका पांडे यांनीं सहावी-सातवींतील मुलांना कागदावरील चक्रव्यूह सोडवावयास दिले. जातीचा उच्चार झाला नाहीं, तेव्हां उच्चवर्णीय व दलित मुलांच्या कामांत म्हणण्यासारखा फरक दिसला नाहीं. परंतु सर्वांसमक्ष नांव, बापाचें नांव व जात पुकारली गेली, तेव्हां दलित मुलांचें काम घसरलें. हें वाचतांना मला माझाच आवाज ऐकूं आला. दरवर्षीं शिष्यवृत्तीचे फॉर्म भरतांना मी भर वर्गांत म्हणत असें, "मागासवर्गीय मुलांनीं हात वर करा." हेतु चांगला, पैसे त्यांच्याच भल्याचे, आणि तरी त्या वर झालेल्या हातांनीं पुढच्या तासाला गणित कसें सोडविलें असेल, हा विचार माझ्या मनाला शिवलासुद्धां नव्हता.

दुसरा प्रयोग उत्तरपत्रिकांचा. रेमा हन्ना व ली लिंडन यांनीं आपल्याकडील एका शहरांत मुलांची परीक्षा घेतली, आणि त्या उत्तरपत्रिकांवर वय, लिंग व जात ही माहिती मनास येईल तशी बदलून लिहून त्या शिक्षकांकडे तपासावयास दिल्या. २०१२ सालीं प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा कीं, वरच्या पानावर खालची जात लिहिलेली असली, तर सरासरीनें थोडे कमी गुण पडत. फरक लहान, पण नक्की. आणखी दोन गोष्टी आढळल्या. गठ्ठ्यांतील सुरुवातीच्या पत्रिकांवर हा अन्याय अधिक होई, कारण तोंवर तपासणाऱ्याचें माप स्थिर झालेलें नसे. आणि कमी गुण देणाऱ्यांत स्वतः खालच्या मानलेल्या जातींतील शिक्षकच प्रामुख्यानें होते. हें वाचून आपल्यापैकीं कोणी सुटकेचा निःश्वास सोडील, तर त्याला मी इतकेंच म्हणेन कीं, हीं मापें कोणाच्या घरांत घडलीं व पिढ्यान् पिढ्या कोणीं शिकविलीं, याचाहि विचार करावा. ज्याला कमी मोजलें गेलें, तोहि शेवटीं त्याच तागडीनें मोजूं लागतो, एवढाच याचा अर्थ.

साताऱ्याच्या शाळेंत बाल भीमरावांना घरून नेलेल्या तरटावर वेगळें बसावें लागे, हें आपण सर्वांनीं वाचलेलें आहे. शाहू महाराजांनीं करवीर संस्थानांत १९१७ सालीं प्राथमिक शिक्षण सक्तीचें व मोफत करण्याचें ठरविलें, आणि १९१९ सालीं अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून त्या मुलांना सर्वांबरोबर बसविण्याचा हुकूम काढला. तें तरट गेलें, हें फार मोठें काम झालें. परंतु बसण्याची जागा हुकुमानें बदलतां येते. शिक्षकाच्या मनांत जी बैठक असते, पुढचीं कोण आणि खिडकीजवळचीं कोण, ती त्याची त्यालाच मोडावी लागते.

ती मोडणें किती अवघड आहे, याचा अनुभवहि सांगतें. पुरानंतरच्या दिवाळीपासून मी आमच्या सोप्यांत संध्याकाळीं चौदा मुलांचा एक विनामूल्य वर्ग घेऊं लागलें. आतां मी शहाणी झालें, अशी माझी समजूत होती. दोन महिन्यांनीं सूनबाईनें एके दिवशीं कोपऱ्यांत बसून कागदावर चौदा चौकोन आंखले आणि मी कोणाला प्रश्न विचारतें त्याच्या खुणा केल्या. वर्ग सुटल्यावर तिनें कागद पुढें केला. तीस प्रश्नांपैकीं सतरा प्रश्न केवळ तीन मुलांना, आणि त्यांतलीं दोन आमच्याच गल्लींतलीं! चार मुलांच्या चौकोनांत एकहि खूण नव्हती. त्या कागदाकडे पाहतांना मला समारंभांतल्या त्या वाक्याची फार लाज वाटली. पश्चात्ताप झाला म्हणजे दृष्टि सुधारते असें नाहीं, मोजदाद लागते.

तेव्हांपासून माझा भरंवसा स्वतःच्या सद्‌भावावर कमी आणि कांहीं साध्या युक्त्यांवर अधिक आहे. बिस्किटांच्या एका डब्यांत चौदा नांवांच्या चिठ्ठ्या आहेत. जी हातीं येईल त्याला प्रश्न. प्रश्न विचारल्यावर मनांतल्या मनांत तीनपर्यंत आंकडे मोजतें. सुरुवातीला ती शांतता मलाच सहन होत नसे; आतां चौथ्या-पांचव्या आंकड्याला खिडकीकडून उत्तर येतें, तेव्हां इतकीं वर्षें किती उत्तरें मीं ऐकलींच नाहींत असें मनांत येतें. वह्या तपासतांना नांवाचें पान दुमडून ठेवतें. सर्वांचा एक प्रश्न तपासून मगच दुसरा घेतें, आणि प्रत्येक वेळीं गठ्ठ्याचा क्रम बदलतें, म्हणजे पहिलेपणाचा भुर्दंड एकाच्याच वाट्याला येत नाहीं. सूनबाई शाळेंत शिष्यवृत्तीचे फॉर्म आतां पालकांकडून परस्पर, गाजावाजा न करतां भरून घेते.

भाषेचा प्रश्न अधिक नाजूक. परीक्षेंत "मी आलो" लिहिणाऱ्या मुलीचे गुण जातील, हें मला ठाऊक आहे. तेव्हां पुस्तकी रूप शिकविणें माझें कर्तव्यच आहे. परंतु पूर्वीं मी घरची भाषा चुकीची म्हणून ती पुसावयास पाहत असें. आतां "घरीं कसें म्हणतां आणि पुस्तकांत कसें लिहितात" असे दोन रकाने फळ्यावर काढतें. दोन्ही रकाने भरतां येणारा अधिक जाणतो, हें मुलांना लवकर पटतें. वाक्य पुरें होण्यापूर्वीं मात्र मी कोणाला अडवीत नाहीं.

आपल्यासारख्या घरांतील वाचकांना शेवटीं एक विनंति करावीशी वाटते. आपलीं मुलें शाळेंत जातात तीं शुद्ध भाषेची, पुस्तकांच्या कपाटाची आणि रात्रीं निबंध सांगणाऱ्या बापाची शिदोरी घेऊन जातात. ती शिदोरी टाकून द्या, असें कोणी म्हणणार नाहीं. परंतु "आमच्या बाब्याला उपजतच गोडी आहे" असें म्हणतांना ही शिदोरी हिशेबांत धरावी, आणि कामवालीच्या मुलीनें कांहीं चांगलें लिहून दाखविलें, तर पहिला प्रश्न "कोणाकडून लिहून घेतलंस?" असा न येतां "हें तुला कसें सुचलें?" असा यावा. मी आतां हा दुसरा प्रश्न सर्व मुलांना विचारतें, आमच्या गल्लींतल्यांनासुद्धां. ज्यांनीं स्वतः लिहिलेलें असतें, तीं उत्तर देतांना थांबत नाहींत.

शाळेंतल्या त्या मुक्कामांत दहावींतल्या त्या मुलीनें लिहिलेलें पुराचें वर्णन तिनें नंतर आमच्या घरीं आणून दिलें. चार पानें होतीं. दुसऱ्या पानावर एक फार चांगलें वाक्य लिहून खोडलेलें होतें. मीं तिला तें पुन्हां लिहावयास सांगितलें. तिनें आईकडे पाहिलें. आई म्हणाली, "लिव्ह की!" आणि तिनें तें माझ्यासमोर बसून, सावकाश, शाईनें लिहिलें.